बेळगाव की बेळगावी: विकिपीडियावरची भांडणं मिटतात कशी

दरवर्षी नोव्हेंबर जवळ आला की आमच्याकडं व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरायला लागतो. शब्द थोडे इकडंतिकडं होतात पण मजकूर तोच, की विकिपीडियावर आपल्या बेळगावचं नाव बदललंय, सगळ्यांनी आत्ताच्या आत्ता जाऊन दुरुस्त करा आणि हा मेसेज दहा ग्रुपला पाठवा. १ नोव्हेंबरला शहरात एकीकडं कर्नाटक राज्याच्या स्थापना दिनाची, म्हणजे राज्योत्सवाची मिरवणूक असते, दुसरीकडं बेळगाव महाराष्ट्रात यावं म्हणणारी मराठी माणसं काळा दिन पाळतात, दोन्हीकडं मनं तापलेली असतात, आणि त्याच तापात कुणीतरी मोबाइलवर ते पान उघडतं. मग मला फोन येतात, कारण गल्लीत सगळ्यांना माहीत आहे की मी तिथं लिहितो. शहापुरातले एक काका तर दरवेळी विचारतात, 'अरे ह्याचं ऑफिस कुठं हाय, अर्ज कुणाला द्यायचा ते तरी सांग की.'

हे त्या काकांसाठी लिहितोय, आणि ज्यांची मेहनत माहिती नसल्यामुळं दहा मिनिटांत पुसली जाते त्या सगळ्यांसाठी.

तर काका, ऑफिस नाही. म्हणजे एक संस्था आहे, विकिमीडिया फाउंडेशन, २००३ साली स्थापन झालेली, पण ती सर्व्हर चालवते, देणग्या गोळा करते, कायद्याचं बघते. बेळगावच्या पानावर काय लिहायचं हे ती ठरवत नाही. १५ जानेवारी २००१ ला जिमी वेल्स आणि लॅरी सँगर या दोघांनी विकिपीडिया सुरू केला तेव्हापासून लिहिणारे सगळे तुमच्या-आमच्यासारखे, बिनपगारी, रात्री जेवण झाल्यावर बसणारे. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला. आज इंग्रजीत सुमारे ७० लाख लेख आहेत, मराठीत साधारण लाखभर. हे सगळं अशा लोकांनी लिहिलंय ज्यातले बहुतेक जण एकमेकांना कधी भेटलेले नाहीत आणि ज्यांचं बऱ्याच गोष्टींवर एकमेकांशी पटतही नाही. ते तरीही चालतं कसं, हे मला पहिल्यांदा एका भांडणात कळलं.

आधी एक पान दाखवतो जे बहुतेक लोक कधी उघडतच नाहीत. कुठल्याही लेखाच्या वर 'इतिहास पहा' असं लिहिलेलं असतं. त्यावर बोट ठेवलं की त्या लेखात आजवर झालेला प्रत्येक बदल ओळीनं दिसतो, कुणी केला, किती वाजता केला, आणि शेजारी एक आकडा असतो, मजकूर किती बाइटनं वाढला किंवा कमी झाला त्याचा. बाइट म्हणजे कॉम्प्युटरमधलं मजकूर मोजायचं माप, इंग्रजीतल्या एका अक्षराला एक. वाढला तर हिरवा, कमी झाला तर लाल. आता इंग्रजीत जुनं बेलगाम (Belgaum) हे नाव सात अक्षरांचं आणि नवं बेळगावी (Belagavi) आठ अक्षरांचं, त्यामुळं कुणी जुन्याचं नवं केलं की इतिहासात हिरवा +१ उमटतो आणि कुणी परत फिरवलं की लाल -१. मराठीत हाच बदल केला तर +३ येतो, कारण देवनागरीतलं एकेक चिन्ह तीन बाइट घेतं, आणि बेळगाव आणि बेळगावी यात फरक आहे तो एका वेलांटीचा. एका वेलांटीचे तीन बाइट.

मी लिहायला लागलो तेव्हा खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावाचं इंग्रजी पान अगदी चार ओळींचं होतं. जिल्ह्याचं नाव तिथं नव्या पद्धतीनं लिहिलेलं होतं, ते मी बदलून जुनं केलं, आणि खाली अजून दोन ओळी घातल्या. एक गावच्या देवळाबद्दल, आणि एक आजोबांकडून ऐकलेली, की १९४६ साली बेळगावात साहित्य संमेलन झालं तेव्हा गावातले पाच-सहा जण भाकरी बांधून चालत गेले होते. त्याच संमेलनात, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष असताना, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, ते माहीतच असेल. मी खूश होऊन झोपायला गेलो, झोप येईना म्हणून परत फोन बघितला तर सगळं गायब, नाव पुन्हा नवं. मी निदान नाव तरी परत फिरवलं. त्यानं ते परत फिरवलं. रात्री साडेअकरापासून साडेबारापर्यंत इतिहासाच्या पानावर एकाखाली एक +१, -१, +१, -१ अशा ओळी लागल्या, आणि मी प्रत्येक वेळी जास्तच चिडत होतो, कारण मला वाटत होतं की हा माणूस माझं गाव पुसतोय.

मग माझ्या खात्याच्या चर्चा पानावर एक सूचना आली. इंग्रजी विकिपीडियावर नियम असा, की एका पानावर चोवीस तासांत तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचं काम उलटवलं तर ब्लॉक होऊ शकतो. कोण बरोबर, कोण चूक हे त्यात बघत नाहीत. बरोबर असलात तरी चौथ्यांदा उलटवलं की गेलात. आणि तीनदा उलटवायचा हक्क आहे असाही त्याचा अर्थ नाही, रोज मोजून तीन-तीन वेळा करत राहिलात तरी ते संपादन-युद्धच धरतात. मला तेव्हा हे फार अन्यायाचं वाटलं. आता वाटतं, हा नियम नसता तर ज्याला जास्त वेळ जागता येतं त्याचंच पान झालं असतं.

हे भांडण फार वाढलं असतं तर पुढची पायरी म्हणजे पानाला कुलूप. प्रचालक, म्हणजे ज्यांना पान बंद करायचे आणि लोकांना ब्लॉक करायचे अधिकार समाजानं दिलेत असे जुने संपादक, ते पान काही दिवसांसाठी अर्धं बंद करतात, मग नवीन खात्यांना ते बदलता येत नाही. इंग्रजीत अशा पानासाठी खातं निदान चार दिवस जुनं आणि दहा संपादनं झालेलं असावं लागतं. कुलूप लागताना पान ज्या अवस्थेत असतं तसंच राहतं, त्यामुळं एका बाजूला नेहमी वाटतं की प्रचालक समोरच्याला मिळालेला आहे. तसं नसतं. त्याला मजकुराचा निकाल द्यायचाच नसतो, त्याला फक्त हात थांबवायचे असतात, म्हणजे लोक बोलायला लागतील.

आणि बोलायची जागा म्हणजे चर्चा पान. प्रत्येक लेखाच्या पाठीला एक असतं. मी तिथं तावातावानं लांबलचक लिहिलं, आमच्यावर १९५६ पासून काय काय झालं ते सगळं. समोरचा माणूस धारवाडकडचा, कन्नड भाषिक. त्यानं त्या सगळ्याला उत्तर दिलं नाही. त्यानं एकच विचारलं, 'हे वाक्य कुठल्या सालाबद्दल आहे?'

मी दोन दिवस उत्तर दिलं नाही. पण प्रश्न डोक्यातून जाईना, कारण त्यातच सगळं होतं. सरकारी नाव बदललं १ नोव्हेंबर २०१४ ला. आज गाव कुठल्या जिल्ह्यात येतं हे सांगणाऱ्या वाक्यात तो नवं नाव मागत होता. पण १९४६ च्या संमेलनाचं वाक्य असेल, किंवा १९२४ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली झालेलं काँग्रेस अधिवेशन असेल, तर तिथं त्या काळातलं इंग्रजी नाव ठेवायला त्याची काहीच हरकत नव्हती. एका तासात आम्ही सहा वेळा जे फिरवत होतो ते असं एका प्रश्नात सुटण्यासारखं होतं.

नंतर कळलं की हीच वाट जगात आधी कुणीतरी पाडून ठेवलीय. पोलंडमध्ये बाल्टिक समुद्राकाठी ग्दान्स्क नावाचं शहर आहे, जर्मन लोक त्याला डान्झिग म्हणतात. दोन्हीकडच्या संपादकांची त्यावरून इतकी जुंपली की २००५ साली इंग्रजी विकिपीडियावर त्यासाठी खास मतदान घ्यावं लागलं. ठरलं असं, की १३०८ पर्यंतच्या इतिहासाला ग्दान्स्क, १३०८ ते १९४५ डान्झिग, आणि १९४५ नंतर पुन्हा ग्दान्स्क. म्हणजे नाव कुणाचं हा प्रश्न बाजूला ठेवून काळ कुठला एवढंच विचारलं. विकिपीडियावर मतदानानं गोष्टी सहसा ठरवत नाहीत, मुद्द्यांवर सहमती बघतात, तरी इथं घ्यावं लागलं यावरून भांडण किती टोकाला गेलं असेल ते समजून घ्या.

मराठी विकिपीडियावर शहराच्या लेखाचं नाव बेळगाव आहे, कन्नडवर बेळगावी. यात कुणी कुणावर अन्याय करत नाही. त्या भाषेतले वाचक, पुस्तकं, पेपर जे नाव वापरतात ते त्या भाषेच्या विकिपीडियावर. आपण लंडनला लंडन म्हणतो, फ्रेंच लोक लाँद्र म्हणतात, तसंच.

आता आजोबांच्या ओळीकडं येतो, कारण मला खरं दुखलं ते तिथं. नावाचं मिटलं पण भाकरी बांधून चालत गेलेल्या माणसांची ओळ काही परत आली नाही. त्यानं विचारलं, स्रोत काय. मी म्हटलं आजोबांनी सांगितलं. तो म्हणाला, मी तुमच्या आजोबांना खोटं म्हणत नाही, पण वाचणाऱ्यानं ते कुठं तपासायचं. विकिपीडियाचा हा मूळ नियम आहे आणि सगळ्यात जास्त गैरसमज यावरूनच होतात. तिथं खरं असून भागत नाही, दुसऱ्याला पडताळून बघता यावं लागतं, आणि तेही अशा ठिकाणी छापलेलं की जिथं लिहिणाऱ्यावर कुणाची तरी नजर होती, म्हणजे पुस्तक, पेपर, गॅझेटिअर (सरकारनं काढलेलं जिल्ह्याच्या माहितीचं पुस्तक), जनगणनेचं जिल्हा पुस्तक. स्वतः शोधून काढलेलं, घरात ऐकलेलं, दोन गोष्टी जोडून स्वतः काढलेला निष्कर्ष, याला तिथं मूळ संशोधन म्हणतात आणि ते चालत नाही. यामुळं आपल्यासारख्या भागांचं नुकसान होतं, हे मी मोकळेपणानं सांगतो. खानापूर तालुक्यातल्या किती गावांबद्दल नीट छापलेलं आहे? बरंचसं म्हाताऱ्या माणसांबरोबर चाललंय. पण हाच नियम काढला तर उद्या कुणीही येऊन लिहील की तुमच्या गावात कधी मराठी माणूसच नव्हता, माझ्या आजोबांनी सांगितलंय. तेव्हा मी त्याला काय म्हणणार?

मग आम्ही दोघं स्रोत शोधायला लागलो. १८८४ साली छापलेलं मुंबई इलाख्याचं बेळगाव गॅझेटिअर आहे, त्याचा कॉपीराइट केव्हाच संपलाय, कुणीही वाचू शकतं. २०११ च्या जनगणनेची गाववार माहिती आहे. ती त्यानं भरली, मराठी पेपरातलं जुनं मी शोधलं, तो कन्नड पेपर बघायचा. मी आणलेला स्रोत तो तपासायचा, त्यानं आणलेला मी, आणि दोघंही कसून, कारण दोघांचाही एकमेकांवर पूर्ण विश्वास नव्हता. त्यामुळंच पान चांगलं झालं असं मला ठाम वाटतं. यावर अभ्यासही झालाय, २०१९ मध्ये नेचर ह्युमन बिहेविअर या नियतकालिकात तो आला, राजकारण, सामाजिक प्रश्न आणि विज्ञान यांवरचे इंग्रजी विकिपीडियावरचे लेख तपासून, आणि त्यात दिसलं की दोन्ही विचारांची माणसं मिळून काम करतात ते लेख एकाच विचाराच्या लोकांनी लिहिलेल्या लेखांपेक्षा दर्जानं चांगले असतात.

उलटं झालं की काय होतं त्याचं उदाहरण क्रोएशियन विकिपीडिया. तिथं प्रचालकांचा एक गट वर्षानुवर्षं ठाण मांडून बसला, वेगळं मत असलेल्यांना ब्लॉक करत गेला, आणि दुसऱ्या महायुद्धातल्या तिथल्या फॅसिस्ट राजवटीचे अत्याचार सौम्य करून लिहिले गेले. २०२१ मध्ये फाउंडेशननं त्यावर अहवालच काढला. एका भाषेचा विकिपीडिया एकाच बाजूच्या लोकांच्या हातात राहिला तर त्या भाषेतल्या मुलांना तीच बाजू इतिहास म्हणून मिळते. मराठी आणि कन्नड दोन्हीकडं नियमित लिहिणारे लोक थोडे आहेत, म्हणून हा धोका आपल्याला लांबचा नाही.

तटस्थ लिहायचं म्हणजे काय, हेही सीमाप्रश्नावरच सांगतो कारण आपल्याला तोच जवळचा. 'बेळगाव महाराष्ट्राचं आहे' असं विकिपीडियाच्या आवाजात लिहिता येत नाही. 'वाद कधीच संपलाय' असंही नाही. मग लिहायचं असं, की केंद्रानं १९६६ साली महाजन आयोग नेमला, १९६७ च्या अहवालात आयोगानं बेळगाव शहर तेव्हाच्या म्हैसूर, म्हणजे आजच्या कर्नाटक राज्यातच ठेवा म्हटलं, काही गावं महाराष्ट्राला आणि काही म्हैसूरला द्यावीत अशी शिफारस केली, महाराष्ट्रानं तो अहवाल नाकारला, कर्नाटक तो अंतिम मानतं, आणि २००४ साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. प्रत्येक दावा कुणाचा ते सांगायचं आणि शेजारी स्रोत द्यायचा. बघा, या वाक्यात मी माझं मत कुठं घातलं नाही, पण आमची बाजू त्यात आहे. पूर्ण आहे. आणि कन्नड माणसानं वाचलं तर त्याचीही आहे. बऱ्याच जणांना वाटतं तटस्थ म्हणजे गुळमुळीत, किंवा दोघांना अर्धं-अर्धं वाटून देणं. तसं नाही, विश्वसनीय पुस्तकांत-पेपरांत ज्या गोष्टीला जितकं वजन आहे तितकीच जागा तिला द्यायची.

एक निर्णय मात्र मला अजून पूर्ण पटलेला नाही. पूर्वी इंग्रजी लेखांच्या पहिल्या ओळीत गावाचं नाव भारतीय लिप्यांत पण असायचं. मग कुठली लिपी असावी, कुठली आधी यावी, यावरून देशभरच्या पानांवर न संपणारी भांडणं. आपल्याकडं दुकानाच्या पाटीवरून जे होतं तेच. शेवटी २०१२ साली तिथल्या समाजानं चर्चा करून ठरवलं की भारताबद्दलच्या लेखांच्या सुरुवातीला भारतीय लिप्या द्यायच्याच नाहीत. भांडण थांबलं हे खरं, आणि ज्याला लिपी वाचता येत नाही त्याला चूक पकडता येत नव्हती हाही मुद्दा बरोबर. पण आपलं नाव आपल्या अक्षरात बघायचा आनंद गेला, मराठीचाही गेला आणि कन्नडचाही. धारवाडच्या माझ्या सोबत्यालाही ते आवडलेलं नाही, या एका गोष्टीवर आमचं पहिल्या दिवसापासून एकमत आहे.

आता त्या मेसेजबद्दल. दहा ग्रुपला पाठवून पन्नास माणसं गोळा केली तर काय होतं ते सांगतो. एका दिवसात उघडलेली पन्नास खाती येऊन एकच बदल करतात, तो उलटवला जातो, पानाला कुलूप लागतं. चर्चा पानावर पन्नास जणांनी 'मी पण सहमत' लिहिलं तरी ते पन्नास धरत नाहीत, कारण तिथं डोकी मोजत नाहीत, मुद्दा आणि स्रोत बघतात. बाहेरून माणसं बोलावून आणणं हे तिथं नियमाविरुद्ध आहे, आणि एकाच माणसानं अनेक खाती काढली असतील तर ती तांत्रिक तपासणीत सापडू शकतात आणि सापडली की बंद होतात. सगळ्यात वाईट म्हणजे दुसऱ्या दिवशी कुणी मराठी माणूस खरंच चांगला स्रोत घेऊन आला तरी त्याच्याकडं आधी संशयानंच बघितलं जातं. मी हे भोगलंय. म्हणून काकांना म्हटलं, पन्नास माणसं नकोत, एक पुस्तक द्या. तुमच्या माळ्यावर जुन्या स्मरणिका असतील, जिल्ह्याच्या इतिहासाचं पुस्तक असेल, पान क्रमांक आणि प्रकाशनाचं वर्ष दिसेल असा फोटो काढून पाठवा. काही चालेल, काही चालणार नाही, पण चर्चा पानावर ठेवता तरी येईल.

आणि नवीन असाल तर थेट बेळगावच्या पानावर उडी घेऊ नका. आधी धूळपाटी आहे, म्हणजे सरावाचं पान, तिथं काहीही लिहून बघा. मग किल्ल्यातल्या कमल बस्तीसारखं एखादं पान घ्या. १२०४ साली रट्ट राजांच्या काळात बांधलेलं जैन मंदिर, आपण बस्ती म्हणतो, कन्नडमध्ये बसदी, शब्द एकच. तिथला चांगला फोटो घाला, एखादा स्रोत जोडा. शंका आली तर विचारायची जागा पण आहे, मराठी विकिपीडियावर तिला चावडी म्हणतात. कन्नड विकिपीडियावर तिचं नाव आहे अरळी कट्टे, म्हणजे पिंपळाचा पार. आमच्या गावात पिंपळाचा पार आहे आणि समोरच जुनी चावडी, मधे वीस पावलं असतील नसतील, आणि पारावर बसलेली माणसं चावडीतल्या माणसाशी कुठल्या भाषेत बोलतील ते कोण समोर आहे त्यावर ठरतं.

देवळाची ओळ अजून अडकलीय. देवाचं नाव आम्ही एक म्हणतो, कन्नड पुस्तकात दुसरं दिलंय, आणि त्यानं त्या पुस्तकाच्या दोन पानांचे फोटो मला पाठवलेत. मला कन्नड बोलता येतं पण असलं जुनं कन्नड वाचायला जड जातं, म्हणून रविवारी शेजारच्या अक्कांकडं घेऊन गेलो. त्यांनी चष्मा लावून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली, मी मराठीत उतरवून घेत होतो, पहिलं पान व्यवस्थित झालं. दुसऱ्या पानावर एका शब्दाशी त्या थांबल्या, दोनदा वाचला, म्हणाल्या हा हळेगन्नड, म्हणजे फार जुन्या कन्नडातला शब्द आहे, मला नक्की सांगता येत नाही, ज्यानं पाठवलंय त्यालाच विचार. काल रात्री चर्चा पानावर विचारलंय.